निपाणीकरांची रिकामी बैठक

निपाणी, १६ फेब्रुवारी १९८६

सिद्राम, जयभीम.

तुझ्या घरभरणीपासून मी तुला पत्र घातलेलं नाही, तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून यशोदा आधी घाबरेल. तिला सांग, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. सकाळपासून माझ्याशी दोनदा भांडून झालं, आता तिसऱ्यासाठी कारण शोधत बसली आहे.

काल परशराम येऊन गेला. आपला हा मावसभाऊ निपाणी-बेळगाव गाडीवर कंडक्टर झाल्यापासून तिकिटं फाडतो कमी आणि बातम्या वाटतो जास्त. दारातूनच म्हणाला, "आक्का, शिद्रामदादाकडं गेलतो. घर न्हाय ऱ्हायलं गं ते, परेडचं मैदान झालंय. सोफा न्हाय, शोकेस न्हाय, फ्रीज न्हाय. टीवीच्या जागी नुसता चौकोन. मला चटई टाकली बसाय."

"चोरी झाली?"

"चोर चटई तरी ठेवंल व्हय? आनी दादा हसतोय की. चोरी झालेला मानूस हसतो काय?"

मी म्हटलं, रंग काढायचा असेल. तर म्हणाला, दादानं सगळं देऊन टाकलं. कुणाला, असं विचारल्यावर मात्र त्याला एकदम ड्यूटी आठवली आणि चहा अर्धा टाकून तो गेला. परशरामनं चहा अर्धा टाकलेला मी प्रथमच पाहिला. तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सिद्राम, मासिकातल्या जाहिरातीचं पान उलटायच्या आत ती वस्तू तुझ्या फाटकात उतरत असे. बेळगावला टीव्ही दिसू लागला तेव्हा तुमच्या वसाहतीत छपरावरची पहिली काठी तुझी. मग सोफा, मग फ्रीज, मग ती काचेची शोकेस आणि तिच्यातला सोनेरी कडांचा चहाचा सेट. हे सगळं मला परशरामकडूनच कळत गेलं. तो यायचा आणि तुझ्या बैठकीचं वर्णन एखाद्या राजसभेसारखं करायचा. असा माणूस एकाएकी अपरिग्रह धरतो तेव्हा संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या बाईला धन्य वाटायला हवं. मला नाही वाटत. घरदार सोडून वनात जायची व्यवस्था ज्यांनी लिहून ठेवली, त्यांनी ती आपल्यासाठी लिहिली नव्हती. आपल्याला खालच्या पायऱ्यांवर कुणी उभं केलं नाही, आणि तू एकदम वरच्या पायरीवर दिसायला लागलास! आप्पांनी पहिली लोखंडी खुर्ची आणली तेव्हा आई तिच्यावर बसायला लाजली, आठवतं? कितीतरी दिवस त्या खुर्चीवर घडी घातलेली वाकळ बसत होती आणि आपण सगळे खाली.

विचारते आहे ते आईसाठी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मी दिवसभर शाळेत. परवा पेटत्या स्टोव्हवर रिकामं पातेलं ठेवून ती मला हाका मारत बसली. शाळा सुरू व्हायच्या आधी, मेअखेरीला तिला तुझ्याकडे आणून ठेवायचं, हे यशोदाच्या मध्यस्थीनं ठरलं आहे. ठरलं तेव्हा तुझं घर घर होतं. आता ते काय आहे आणि का आहे, हे स्पष्ट लिही. तोवर आईची पिशवी भरली जाणार नाही.

शेवंताआक्का


निपाणी, ९ मार्च १९८६

सिद्राम,

तुझं कार्ड पोचलं. माझी दोन पानं आणि तुझी एक ओळ: "आक्का, जागा मोकळी हवी होती, आईची खोली तयार आहे."

सूत्रकार इतकंच लिहितात आणि भाष्य करायला मागच्यांना ठेवतात. ठीक आहे, मी भाष्य करते. वर्गातही तेच करते.

पहिला पक्ष: तुला कुणी बुवा भेटला आहे. हा पक्ष दुबळा. बुवा सामान सोडायला सांगतात, पण ते आपल्याकडे आणून सोडायला सांगतात.

दुसरा पक्ष: बाई. हा मी यशोदासमोर मांडणार नाही. पण पंचेचाळिशीतला बँकेचा अधिकारी घर रिकामं करतो आणि विनाकारण हसतो, एवढ्यावर लोक काय म्हणतील ते मी सांगायला हवं का?

तिसरा पक्ष: सामान कुठे गेलं ते पाहून हेतू ओळखावा. यावर मी थोडं काम केलं आहे. गुरुवारी परशरामच्या घरी अचानक गेले. पुढच्या खोलीत चादर घातलेलं एक मोठं धूड होतं आणि त्याची बायको चादरीसमोरून हलायला तयार नव्हती. चादरीखालून लाकडी पाय दिसत होते. मी म्हटलं, "परशराम, बैल बांधलाय काय घरात?" शेवटी कबूल झाला. "दादा म्हनला, ने. म्या न्हाय म्हनत हुतो, आक्का, खरंच न्हाय म्हनत हुतो. पर टेंपो दारातच उभा हुता." म्हणजे बातमीदार सामील आहे. फ्रीज म्हणे यशोदाच्या माहेरी गुंजीला गेला. तिथे वीज येते कधी आणि जाते कधी हे स्टेशनमास्तरलाही सांगता येत नाही. त्यांनी त्यात लग्नातल्या साड्या ठेवल्या आहेत. टीव्ही मुलांच्या वसतिगृहाला दिलास. यातून हेतू काही निघत नाही, फक्त तुझा उदारपणा निघतो, आणि त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो.

आता चौथा पक्ष, आणि मला तोच खरा वाटतो. त्यात थट्टा नाही.

तुझ्या घरभरणीला फाटकावर मी पाटी वाचली: "एस. वाय. निपाणीकर." आपलं आडनाव ऐकलं की समोरच्याला जात कळते, म्हणून तू गावाचं नाव लावलंस. त्या दिवशी मी फाटकातच, पाहुण्यांदेखत, विचारलं होतं की यल्लाप्पाचा मुलगा इथे राहतो का, का मी चुकीच्या घरी आले. तुला ते लागलं. लागायलाच हवं होतं. तरी मी जेवून गेले ते एकाच कारणानं: बैठकीच्या समोरच्या भिंतीवर, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, बाबासाहेबांचा फोटो होता. मी मनात म्हटलं, पाटीवर लपला, भिंतीवर नाही. चालेल.

परशरामला परवा मी सहज विचारलं, समोरच्या भिंतीवर काय आहे? तो चादरीकडे बघत म्हणाला, "काय न्हाय. खिळा हाय."

तुला मोकळी जागा हवी होती ती भिंतीवर हवी होती का, सिद्राम? बाकीचं सामान त्याच्या जोडीला बाहेर काढलंस का, म्हणजे एक गेलेलं कुणाला दिसू नये?

उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल. फोटो आहे की नाही.

आक्का


निपाणी, २१ एप्रिल १९८६

सिद्राम,

उत्तर आलं नाही. तेही एक उत्तर धरते.

दहावीचे पेपर तपासायला मी गेला आठवडाभर बेळगावात होते. तुझ्याकडे उतरले नाही, शाळेच्या हॉलमध्ये इतर बायकांबरोबर राहिले. हे तुला यशोदानं सांगितलं नसेल, कारण मीच तिला सांगू नको म्हटलं होतं. शनिवारी संध्याकाळी खडेबाजारात ती मला भेटली. भेटली म्हणजे, ती मला बघून बांगड्यांच्या दुकानात शिरली आणि मीही शिरले.

"यशोदा, हातात काय?"

"वरवंट्याला टाके घालून आनले, वन्सं." पिशवी अशी जड की खांदा एका बाजूला गेलेला. "मिक्सर दिला न्हवं ह्यांनी. चटणी पाट्यावर वाटतिया मी आता. बँकेच्या सायबाची बायको!"

"तू नको म्हणाली नाहीस?"

"म्हनले की. तर म्हणाले, तुला पाहिजे तर ठेव. असं म्हनल्यावर कोन ठेवंल, सांगा." मग आवाज खाली करून म्हणाली, "वन्सं, टीवी गेल्यापास्नं आमच्याकडं कुनी येत न्हाय. चिमनीसुदिक न्हाय."

मी विचारलं, "समोरच्या भिंतीवरचा फोटो?"

तिनं दुकानातल्या बांगड्या मोजायला घेतल्या.

"आत हाय."

"आत म्हणजे?"

"आत म्हंजी आतल्या खोलीत. कपाटावर. कापडात बांधून. नीट हाय, वन्सं, काच फुटल्याली न्हाय." आणि मग माझा हात धरून, "मला इचारू नगा. त्यास्नी इचारा."

त्यांना विचारून झालं आहे. दोनदा.

म्हणजे माझा चौथा पक्ष सिद्ध झाला. घर रिकामं करून तू साधू झालेला नाहीस, फक्त सफाईदार झाला आहेस. येणाऱ्याला आता तुझ्या भिंतीवरून तुझा पत्ता लागणार नाही. मला त्या घरात यायची गरज नाही, पण आईचा प्रश्न वेगळा. तिनं तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलं. चहा कानतुटक्या कपात घेतला, तोही स्वतः धुऊन उपडा घालायचा. आता उतारवयात तिला लेकाच्या घरी ती कुणाची आई हे लपवत राहायला लागलं, तर ती मोतीबिंदूनं आंधळी झालेली मला परवडेल.

आई येणार नाही. तिच्यासाठी ठेवलेली खोलीही मोकळी समज. तुला मोकळी जागा आवडते.

शेवंता


निपाणी, १२ मे १९८६

सिद्राम,

आई तुझ्याकडे पोचली आहे का? या पत्राचं उत्तर परशरामच्या हाती पाठव, कार्ड नको.

काल माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं, सदलग्याला. सकाळी गेले, संध्याकाळी परतले, तर दाराला कुलूप आणि किल्ली शेजारच्या गुणाबाईकडे. गुणाबाई म्हणाली, "परशराम आलता. म्हातारीनं पिशवी भरून ठेवलीच हुती. मला म्हनली, शेवंताला सांग, मी जाऊन बघून येती." मी विचारलं, काय बघून? "काय की बाई. म्या म्हटलं, तुमास्नी दिसतंय कुठं बघाय? तर मलाच शिव्या दिल्या."

चूक माझीच. तुझं सगळं प्रकरण मी तिला रागाच्या भरात वाचून दाखवलं होतं. फोटो आत ठेवलाय हे ऐकून ती गप्प बसली. मला वाटलं, दुःखानं. आता कळतं की ती परशरामच्या गाडीची वेळ आठवत होती.

ज्या कंडक्टरकडे तुझा सोफा आहे, त्यानं माझी आई नेली. हा योगायोग मी मानत नाही. तिला घेऊन जायला तूच त्याला सांगितलं असशील तर तेही लिही. शनिवारपर्यंत काही कळलं नाही तर पुढच्या आठवड्यात मीच येते.

आक्का


निपाणी, २८ मे १९८६

सिद्राम,

समोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तुझा निरोप परशराम घेऊन आला होता, "आई पोचली, मी बोलावली नव्हती." तो मी मानला नाही आणि आले. गुरुवारी संध्याकाळी मी फाटकातून आत आले, तू दारात आलास, म्हणालास, "आक्का, बस." आणि मग कुठे बसायचं म्हणून आपण दोघंही इकडेतिकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहीण-भावांचं एवढंच संभाषण झालं. शुक्रवारी मी उठायच्या आत तू बँकेत गेलास. बँक दहाला उघडते, हे मला माहीत नाही असं तुला वाटलं का?

तुझी बैठक मी नीट पाहिली. चटई, कोपऱ्यात माठ, समोरच्या भिंतीवर खिळा, त्याच्याभोवती न मळलेला चौकोन. आणि खोलीच्या मधोमध आई, जणू तीच एक वस्तू द्यायची राहून गेली आहे.

"चल घरी," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"आपल्या."

"तुज्याकडं दिवसभर कुलूप ऐकत बसायचं. हितं मानसं दिसत्यात."

"तुला दिसतात कुठे?"

"आवाज तर येतोय न्हवं."

तू गेल्यावर यशोदा पाट्यावर मिरची वाटत होती, मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि उठलेच नाही. शेवटी वाटता वाटता तिनं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मी सोडणाऱ्यातली नाही हे तुलाही माहीत आहे.

"ऐतवारी सिनेमा लागला की ही खोली भरायची, वन्सं. सोफ्यावर, दिवाणावर, खाली, दारात. मला लई बरं वाटायचं. म्या ट्रे भरून च्या करायची. तर एकजन म्हनायचा आत्ताच घिऊन आलो. एकीचा उपास. एकीला डाक्टरनं बंद केल्याला. पोरांस्नी तान लागली की सिनेमा टाकून घरला पळायची, पानी पिऊन परत यायची. समदा च्या मोरीत."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

"मला कळलं. ह्यास्नी वाटायचं, आपली कपं बरी न्हाईत. म्हनून त्यो सोन्याच्या काठाचा सेट आनला. त्यातनंबी कोन पिईना. मग म्हणाले, पानी थंड पायजे, मोठ्या लोकास्नी थंड पान्याची सवय असती. फ्रीज आनला. बाटल्या भरून ठेवायच्या. त्या तशाच."

मी ऐकत होते आणि मला तुझी एकेक खरेदी आठवत होती. परशराम वर्णन करायचा आणि मी इथे बसून हसायचे, की माझा भाऊ जाहिरातींच्या नादी लागला. त्या जाहिरातींत पाहुणे येतात, हसतात, कप उचलतात. तू तेवढंच विकत घ्यायला गेला होतास, होय ना?

पुढचं यशोदानं वरवंटा थांबवून सांगितलं. समोरचे मारुतीराव एका रविवारी सोफ्यावरूनच म्हणाले, "निपाणीकर, त्या फोटोच्या काचेत ट्यूबलाइट चमकते, डोळ्यावर येते. जरा आत ठेवता का?" खोलीभर माणसं. तू स्टूल घेतलंस, फोटो काढलास, आत नेऊन ठेवलास, आणि परत येऊन सिनेमा संपेपर्यंत त्यांच्यात बसलास. दुसऱ्या दिवशी टीव्ही गेला. मग एकेक करून सगळं.

"म्या म्हटलं, टीवी गेला, आता फोटो लावा की. म्हणाले, बघू. त्या भितीकडं बघत न्हाईत, वन्सं. जेवाय बसले की पाठ करून बसत्यात."

तर माझा संशय खरा होता. फोटो तूच उतरवलास. फक्त मी त्याचं कारण लावलं ते साफ उलटं. चार पक्ष मांडले आणि हा पाचवा मला सुचला नाही: की टीव्ही, सोफा आणि गार पाणी काढून घेतल्यावर आपल्या दारात कोण येतं, हे माझा भाऊ बघत बसला आहे. आणि कुणीच येत नाही, हेही त्यानं बघून घेतलं आहे.

कुणीच नाही, हे मात्र आता खरं नाही. तू बँकेत असताना काय होतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. आई सांगणार नाही, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

मारुतीरावांची आई, अंबुबाई, दुपारी तुझ्याकडे येते. आईनं आल्या दिवशी कट्ट्यावरून आरोळी मारली म्हणे, "कोन हाय गं तिकडं? लई खोकतिया." त्यावरून ओळख. आता मारुतीरावांनी स्वतःचा टीव्ही घेतला आहे. अंबुबाई शुक्रवारी माझ्यासमोर म्हणाली, "माज्या घरात समदी त्या डब्याकडं त्वांड करून बसत्यात. माज्याकडं पाठ. हितं बरं हाय. बघाय दुसरं कायच न्हाय, मग मानूस मानसाकडं बघतंय."

हे सगळं छान. पण तिच्या शेजारी चटईवर पाण्यानं भरलेला तांब्या होता, वर फुलपात्र उपडं घातलेलं. घरून आणलेला. मी तो पाहिला, आणि मी पाहताना यशोदानं मला पाहिलं. मनात म्हटलं, सोफ्यावर बसणारे पाण्यासाठी घरी पळायचे, चटईवर बसणारी पाणी सोबत आणते. एवढीच सुधारणा.

बोलता बोलता आईला ठसका लागला. तिनं हात चाचपडत पुढे केला, तांब्या उचलला, आणि तोंड लावून गटागटा प्याली. फुलपात्रात ओतलंसुद्धा नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "व्हय, तर काय सांगत हुतीस तुज्या नातवाचं?"

अंबुबाई तांब्याकडे बघत राहिली. मग नातवाचं राहिलेलं अर्धं सांगितलं, तांब्या उचलला आणि गेली.

मी आईला म्हटलं, "तो त्यांचा तांब्या होता."

"व्हय काय? मला काय दिसतंय."

सिद्राम, मोतीबिंदू आहे हे मान्य. पण त्याच दुपारी याच बाईनं माझ्या साडीचा उसवलेला काठ दारातून ओळखला होता. मला आईचाही संशय आहे.

मी म्हटलं, "आता ती यायची नाही."

"न्हाय आली तर न्हाय," आई म्हणाली आणि कुशीवर वळली. पण झोपली नाही. मलाही वाचायला घेतलेलं पुढे सरकेना. यशोदा उगाचच तीनदा कट्ट्यावर जाऊन आली.

शनिवारी दुपारी अंबुबाई आली. तांब्या नव्हता.

आईनंच विचारलं, "तांब्या कुठाय?"

"घासाय टाकलाय."

घासायला टाकला म्हणजे काय? रोजच्यासारखा? की आईचं तोंड लागलं म्हणून राखेनं, चिंचेनं, आगीत धरून? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती बसली. गुडघ्यांचं बोलली, सुनेचं बोलली, ऊन किती वाढलंय ते बोलली. मग यशोदाकडे न बघता म्हणाली, "पानी घाल गं, लेकी."

यशोदा उठली ती माठावर आदळायचीच राहिली. साधा स्टीलचा तांब्या भरून आणला. अंबुबाईनं तो हातात घेतला, मान मागे टाकली आणि उंचावरून धार धरून प्याली. ओठ लावला नाही.

आता यावर भाष्य कसं करायचं? तिच्या वयाच्या बायका स्वतःच्या घरातही वरूनच पितात. आणि न शिवता प्यायचं असलं तरी वरूनच पितात. दोन्ही पक्ष तितकेच बळकट आहेत. मी रात्रभर विचार केला, निर्णय लागला नाही. पण माठ तुझा होता, आणि तांब्या रिकामा झाला.

आई तुझ्याकडे राहील. तिची बाकीची लुगडी आणि औषधं मी परशरामबरोबर पाठवते. त्याच्याबरोबर सोफ्याच्या दोन खुर्च्यांपैकी एक परत येईल. मी त्याच्याकडून ती काढून घेतली आहे. तुझ्या रिकाम्या खोलीचं कौतुक आईला सांगायला गेले तर म्हणाली, "जमिनीवर बसून जल्म गेला वखारीत. त्याला म्हनावं, तू खुशाल बस खाली. मला खुर्ची पायजे." तेव्हा खोलीत एक खुर्ची असेल आणि तिच्यावर वाकळ असणार नाही. आणि यशोदाला मिक्सर आणून दे. वैराग्य तुझं आणि पाटा तिचा, ही वाटणी मला मान्य नाही. बाकी खोली तशीच राहू दे. मला ती आवडली, हे मी एकदाच लिहिते आहे.

पाटीबद्दल मी बोलले ते मागे घेत नाही. त्यावर आपण भांडू, पण बसून.

फोटो आईनं लावला असता. यशोदाही तयार होती. मीही त्या दोन दिवसांत कपाटापर्यंत एकदा जाऊन आले. मग परत फिरले. तो तू उतरवला आहेस.

रविवारी, १ तारखेला, सकाळच्या गाडीनं मी येते, अकराच्या सुमाराला पोचेन. तुझ्या घरात काय आहे आणि काय नाही हे आजवर मी परशरामकडून काढलं, यशोदाला दुकानात गाठून काढलं, न सांगता येऊन बघितलं. या खेपेला आधी कळवते आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये इतका विश्वास मी आजपर्यंत कुणावर टाकलेला नाही.

शेवंताआक्का